डबल बेल द्या, इतिहास निघालाय!

‘आगं, पण त्या कंडक्टरनं वेबिल कवा भरलं?’

आबांनी हा प्रश्न विचारला आणि मला पॉज दाबावा लागला. टीव्हीवर ‘नवरा माझा नवसाचा’ सुरू होता. अख्खं घर खो खो हसत होतं आणि आमचे आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, चष्मा पुसत गंभीरपणे विचार करत होते. एवढी गाणी झाली, एवढी भांडणं झाली, मग या माणसाने तिकिटांचा हिशोब लावला कधी? मधेच चेकर चढला असता तर?

आबा ३४ वर्षं एसटीत कंडक्टर होते. १९७० ला लागले, २००४ ला रिटायर झाले. गंमत म्हणजे हा सिनेमाही २००४ चाच. वेबिल म्हणजे काय, हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. एसटीचं भाडं टप्प्यांवर ठरतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. कुठल्या टप्प्याला कोणत्या नंबरापर्यंत तिकीट फाडलं, किती पैसे जमले, याची नोंद कंडक्टर वेबिलवर करत जायचा. गाडी घाटात हेलकावे खात असली तरी आणि गाडीत पाय ठेवायला जागा नसली तरी. आबांच्या दृष्टीने कंडक्टर म्हणजे वेबिल. आपल्या दृष्टीने कंडक्टर म्हणजे ‘सुट्टे द्या’ म्हणणारा माणूस.

त्याच आठवड्यात मला या पानासाठी काम मिळालं होतं. ट्रान्सपोर्टच्या इतिहासाचं वेड असलेल्यांसाठी नवीन पुस्तकं आणि सिनेमे कोणते, याची यादी कर. मला वाटलं, सोप्पंय. कारण हे वेड असलेले लोक आपल्या सगळ्यांच्या ग्रुपमध्ये असतात. कसारा घाटात पावसात उभं राहून इंजिनांचे फोटो काढणारा एक जण असतोच. फोमशीटची एसटी बनवून तिच्यावर आगाराचं नावसुद्धा रंगवणारा एक असतो. लोकलच्या हॉर्नवरून रेक ओळखणारी एक मैत्रीण माझ्याच वर्गात आहे. १५ सप्टेंबर २०२३ ला मुंबईतली शेवटची डिझेल डबलडेकर धावली, तेव्हा तिला निरोप द्यायला हार-फुलं घेऊन गेलेली गर्दी आठवतेय ना? तीच ही मंडळी.

पण आबांच्या प्रश्नाने माझी यादी बिघडवली. किंवा सुधारली म्हणा. गेले तीन आठवडे मी वाचत आणि बघत गेले आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट तपासली : यात गाडीच आहे, की गाडी चालवणारा, ती बांधणारा, तिच्यात कोंबला जाणारा माणूसही आहे? एसटीत एक बेल म्हणजे थांब आणि दोन बेल म्हणजे निघ. तेच रेटिंग मी इथे वापरलंय. डबल बेल म्हणजे बिनधास्त चढा. सिंगल बेल म्हणजे जरा थांबा, विचारा आणि मग चढा.

एसटीतून कोकण रेल्वेत

सुरुवात ‘नवसा’पासूनच करू. पहिल्या भागात मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी आहे. २० वर्षांनी, २०२४ मध्ये दुसरा भाग आला आणि त्यात तीच मंडळी कोकण रेल्वेने निघाली. पहिल्या भागात कंडक्टर असलेले अशोक सराफ दुसऱ्या भागात टीसी झाले. सिनेमा म्हणून तुम्हाला कोणता भाग जास्त आवडला यावर कट्ट्यावर भांडता येईल. पण हे दोन सिनेमे एकापाठोपाठ बघितले, तर कोकणात जायची पद्धत कशी बदलली याचं न ठरवता झालेलं रेकॉर्ड हाताशी लागतं.

त्यामागचा खरा इतिहास थोडक्यात असा. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढची कित्येक दशकं कोकणातल्या चाकरमान्याची गाडी म्हणजे एसटी किंवा त्याआधीची बोट. रेल्वेचं स्वप्न जुनं होतं, पण सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत रूळ टाकायचे कसे, हा प्रश्न होता. १९९० मध्ये त्यासाठी वेगळं महामंडळ निघालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत सातशेहून जास्त किलोमीटर, नव्वदहून जास्त बोगदे. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. मोबाइलची रेंज गेली की समजायचं, आला.

हे काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं, त्या ई. श्रीधरन यांचं चरित्र पत्रकार राजेंद्र आकलेकर यांनी लिहिलंय. ‘इंडियाज रेल्वे मॅन’, २०१७. इंजिनीअरिंगच्या मुलांनी तर वाचावंच. पण चरित्र हे शेवटी एका माणसाचं असतं. नव्वद बोगदे एक माणूस खोदत नाही, हे डोक्यात ठेवून वाचा.

दोन्ही ‘नवसां’ना डबल बेल. आबांनी पहिल्याला सिंगल दिलीय. कारण वर आलंच आहे.

बोरीबंदर ते ठाणे, पण पायी

१६ एप्रिल १८५३ ही तारीख स्पर्धा परीक्षांमुळे आपल्याला पाठ असते. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटं, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पुढे काय?

पुढचं शोधायला आकलेकर चालत निघाले. ‘हॉल्ट स्टेशन इंडिया’ हे त्यांचं पुस्तक २०१४ चं. त्या पहिल्या मार्गाच्या कडेने चालत जाऊन त्यांनी जुने खांब, दगड, रुळांचे तुकडे, त्यांच्यावर उमटवलेली सालं शोधली. आपण रोज ज्या प्लॅटफॉर्मवर रील बघत उभे असतो, तिथला एखादा खांब शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा असू शकतो, हे या पुस्तकानंतर लक्षात आलं. मी तर दोनदा लोकल चुकवली, खांब बघत बसल्याने. मराठीत वाचायचं असेल तर रोहन टिल्लू यांनी केलेला अनुवाद आहे, ‘कहाणी पहिल्या आगीनगाडीची’. भारतीय रेल्वेची पूर्ण गोष्ट एका पुस्तकात हवी असेल, तर आकलेकरांचंच ‘अ शॉर्ट हिस्टरी ऑफ इंडियन रेल्वेज’ (२०१९) किंवा बिबेक देबरॉय आणि सहलेखकांचं ‘इंडियन रेल्वेज : द विव्हिंग ऑफ अ नॅशनल टॅपेस्ट्री’ (२०१७) घ्या. दुसरं पुस्तक धोरणं आणि कंपन्यांच्या बाजूने जास्त बोलतं. बीकॉमवाल्यांनो, तुमच्यासाठी.

आणि एक जुनं नाव, कारण ते आपलं आहे. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये छापून आलं. रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. म्हणजे आगीनगाडी नवी होती तेव्हाच्या मुंबईचं, एका मराठी माणसाने मराठीत केलेलं वर्णन आपल्याकडे आहे. मुरली रंगनाथन यांनी २००८ मध्ये ते इंग्रजीतही आणलं. मेट्रो सुरू झाली तेव्हा आपण काय लिहून ठेवलं? एक स्टोरी टाकली आणि ती २४ तासांत उडाली.

आकलेकर आणि माडगावकर दोघांनाही डबल बेल.

घाट कोणी खोदला?

पुणे-मुंबई करणाऱ्या प्रत्येकाने खंडाळ्याच्या घाटात खिडकीतून फोटो काढलेला असतो. हा भोरघाट १८६३ मध्ये रेल्वेला खुला झाला. चढ एवढा तीव्र की त्या काळी गाडी मधेच एका ठिकाणी थांबून दिशा बदलायची आणि उलट्या बाजूने पुढे चढायची.

इयान केर या इतिहासकाराचं ‘बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज’ हे पुस्तक १९९५ चं, म्हणजे आपल्यापेक्षा वयाने मोठं. पण या यादीतलं मला सगळ्यात जास्त हलवून गेलेलं पुस्तक हेच. कारण ते इंजिनापासून नाही, मजुरांपासून सुरू होतं. भोरघाटाच्या कामावर एका टप्प्याला ४० हजारांहून जास्त माणसं होती. त्यात बायका होत्या, पोरं होती. कॉलरा आणि तापाच्या साथी होत्या. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजूर भडकले आणि दंगल झाली. त्यानंतर आधीच्या कंत्राटदाराने काम सोडलं. सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मेला. मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ते कंत्राट हातात घेतलं आणि दोन इंजिनीअर मॅनेजर नेमून काम पूर्णत्वाला नेलं. १८५९ मध्ये!

अ‍ॅलिसचं नाव निदान टिकलं. त्या ४० हजारांपैकी कुणाची नावं तुम्हाला माहीत आहेत? मलाही नाहीत.

हाच प्रश्न पुढे नेणारं नवं पुस्तक म्हणजे रितिका प्रसाद यांचं ‘ट्रॅक्स ऑफ चेंज’ (२०१५). विषय आहे ब्रिटिश काळातला रोजचा रेल्वे प्रवास. थर्ड क्लासची गर्दी, डब्यात संडास नसणं, स्टेशनवर पाणी कोणी कोणाला द्यायचं, जेवण कुठे करायचं, जात कशी पाळायची आणि डब्यात ती कशी पाळता यायची नाही. त्यातला घड्याळाचा भाग तर भन्नाट आहे. रेल्वेचं घड्याळ एकेकाळी मद्रासच्या वेळेवर चालायचं आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. १९०६ मध्ये आजची भारतीय प्रमाणवेळ आली, तर तीही मुंबईच्या ३९ मिनिटं पुढे. मुंबईकरांनी जाम विरोध केला आणि ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकून राहिला. एकाच शहरात स्टेशनची वेळ वेगळी आणि घराची वेगळी! ‘भारतीय वेळेनुसार आलोय’ हा आपला जोक किती जुना असेल बघा.

ही दोन्ही पुस्तकं अभ्यासाची आहेत, भाषा जड आहे, किंमतही जड आहे. कॉलेजच्या लायब्ररीत मागा, नसतील तर मागवायला लावा. डबल बेल, पण घाट आहे, सावकाश.

पडद्यावरची माणसं

आता सिनेमा. ‘द रेल्वे मेन’ (२०२३) ही चार भागांची सीरिज बहुतेकांनी बिंज केली असेल. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची भोपाळची रात्र, गॅस पसरतोय आणि स्टेशनवर रेल्वेची माणसं. के. के. मेनन यांच्या स्टेशन मास्तरामागे गुलाम दस्तगीर हे खरे अधिकारी आहेत. त्या रात्री प्रवाशांनी भरलेली गोरखपूर-मुंबई गाडी त्यांनी वेळेआधीच भोपाळमधून बाहेर काढली. सीरिजमध्ये दरोडेखोराचा ट्रॅक वगैरे मसाला आहे, तो बाजूला ठेवा. पण सिग्नल, फोन, ब्लॉक, कंट्रोल रूम, म्हणजे रेल्वेचं जे काम प्रवाशाला कधीच दिसत नाही, ते इथे चक्क हीरो आहे. आबांनी चारही भाग एका दमात बघितले. म्हणाले, ‘ह्याला म्हणायची ड्युटी.’ डबल बेल.

त्याच्या बरोबर उलटा सिनेमा म्हणजे ‘२७ डाउन’ (१९७४). नवा नाही, पण ‘द रेल्वे मेन’ बघितलेल्याने तो बघायलाच हवा. अवतार कृष्ण कौल यांचा हा एकमेव फीचर सिनेमा. हीरो टीसी आहे. त्याला चित्रकार व्हायचं होतं आणि रेल्वेतल्या वडिलांच्या आग्रहाने तो काळा कोट घालतो. यात ना स्फोट, ना बचाव. फक्त रोज तेच डबे, तीच तिकिटं, तीच गर्दी. अपूर्व किशोर बीर यांनी कॅमेरा हातात धरून खऱ्या गर्दीत शूट केलेलं ब्लॅक अँड व्हाइट व्हीटी स्टेशन बघाच. सत्तरच्या दशकातलं ते स्टेशन आज कुठल्याही म्युझियममध्ये नाही, या सिनेमात आहे. सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी कौल मुंबईच्या समुद्रात बुडून गेले. डबल बेल. फक्त मूड बघून लावा, रविवारच्या संध्याकाळी नको.

आणि अलीकडचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ (२०२४). पायल कपाडियाच्या या सिनेमाला कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण हा ट्रान्सपोर्टचाही सिनेमा आहे, असं म्हटलं तर? मुंबईच्या लोकल, रात्रीचे डबे, दारातून येणारा वारा, डब्यात झोपलेल्या बायका आणि मग शहर सोडून कोकणात जाणारा प्रवास. छाया कदम यांची पार्वती वर्षानुवर्षं ज्या खोलीत राहिली, तिथे ती राहत होती हे सिद्ध करणारा एक कागद तिच्याकडे नाही. बिल्डर येतो आणि ती रत्नागिरीकडच्या गावी परत जाते. म्हणजे कागद नाही, तर तुम्ही इथे नव्हताच. हे वाक्य सिनेमातलं नाही, माझं आहे. ते मला सोडत नाहीये आणि का, ते शेवटी सांगते. डबल बेल.

काळी-पिवळी आणि ट्राम

रुळांवरून रस्त्यावर येऊ. २९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी रजिस्टर झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी रस्त्यावरून गेली. सगळ्यांनी स्टेटस ठेवले, जुन्या सिनेमांतले सीन शेअर केले. पण ती चालवणारे कोण होते?

तारिणी बेदी या मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्यांचं ‘मुंबई टॅक्सीमेन’ (२०२२) हे पुस्तक याच प्रश्नावर आहे. गुजरातेतल्या पालनपूर भागातून आलेला चिलिया मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत टॅक्सी चालवतो. बापाकडून मुलाकडे नुसती गाडी जात नाही, ती दुरुस्त करण्याचं, तिचा आवाज ओळखण्याचं ज्ञानही जातं. मग नवीन एसी टॅक्सी येतात, अ‍ॅप येतात आणि जुन्या गाडीबरोबर ते ज्ञानही ‘जुनं’ ठरतं. हे वाचल्यावर मी एका टॅक्सीवाल्या काकांशी पहिल्यांदा भाडं सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलले. सीएसएमटी ते वरळी पुरलं नाही. डबल बेल. याच्या जोडीला ऋत्विक घटक यांचा बंगाली ‘अजांत्रिक’ (१९५८) बघा. एक टॅक्सीवाला आणि त्याची खटारा शेव्हरोले, हीच त्यातली लव्हस्टोरी.

बंगालचा विषय निघालाच आहे, तर ट्राम. मुंबईत ९ मे १८७४ ला घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेवर गेली आणि ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली. कोलकात्यात ट्राम आपल्याआधी, १८७३ मध्ये आली आणि आपल्यानंतरही साठ वर्षं टिकली. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने एक छोटा हेरिटेज मार्ग सोडून बाकी ट्राम बंद करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिथली तरुण मुलं रस्त्यावर उतरली. का, ते समजून घ्यायचं असेल तर सत्यजित राय यांचा ‘महानगर’ (१९६३) लावा. सुरुवातीची नावं येतात, तेव्हा पडद्यावर दुसरं काही नाही, फक्त ट्रामचा तारेला घासत जाणारा दांडा. आणि मग नोकरीसाठी पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या बाईची गोष्ट. आपल्या आज्यांच्या पिढीला घराबाहेर न्यायला ट्राम, बस आणि लोकल होत्या, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलंय?

उडती खबर

विमानवेड्यांनो, तुम्हाला विसरले नाही. ‘सरफिरा’ (२०२४) हा तमिळ ‘सूराराई पोट्रू’ (२०२०) चा हिंदी अवतार. हिंदीत हीरो साताऱ्याकडचा वीर म्हात्रे झाला, त्यामुळे आमच्या घरात वेगळाच उत्साह होता. मूळ माणूस मात्र कर्नाटकातले कॅप्टन जी. आर. गोपीनाथ, २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू करणारे. सिनेमात हीरो हवाई दलातला आहे, खरे गोपीनाथ लष्करात होते आणि नंतर शेती करत होते. आधी सिनेमा बघा, मग त्यांचं ‘सिंपली फ्लाय’ वाचा, काय बदललं ते स्वतः शोधा. आबा पहिल्यांदा विमानात बसले ते ७१ व्या वर्षी. उतरल्यावर त्यांनी एअरहोस्टेसला विचारलं, ‘तुमचं पण वेबिल असतं का?’ या सिनेमाला डबल बेल.

सिंगल बेल ‘हवाईजादा’ला (२०१५). शिवकर बापूजी तळपदे या मुंबईच्या माणसाने १८९५ मध्ये, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, चौपाटीवर विमान उडवलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलीय. तळपदे खरे होते, त्यांची धडपडही खरी असेल. पण त्या उड्डाणाचा विश्वास ठेवण्यासारखा पुरावा सापडत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चं नाव या गोष्टीत घेतलं जातं, ते बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासलं. त्यातली विमानं उडूच शकत नाहीत आणि ग्रंथही प्राचीन नाही, असं त्यांना आढळलं. सिनेमा गोष्ट म्हणून बघा, गाणी ऐका. प्रोजेक्टमध्ये सोर्स म्हणून लावू नका, सर मार्क कापतील आणि बरोबरच करतील.

आता जरा घरात बघा

यादी झाली. वाचून-बघून पोट भरलं नाही, तर मुंबईत बेस्टचं संग्रहालय अणिक आगारात आहे आणि पुण्यात कर्वे रोडच्या बाजूला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे. मित्रांना घेऊन जा, आधी वेळ विचारून घ्या.

पण मला वाटतं, सगळ्यात मोठं संग्रहालय आपल्या घरात खुर्चीवर बसलेलं असतं. ३ फेब्रुवारी २०२५ ला देशातल्या पहिल्या विजेच्या गाडीला, व्हीटी ते कुर्ला, १०० वर्षं झाली. त्या दिवशी जुन्या इंजिनांचे फोटो सगळीकडे फिरले. ती चालवलेल्या मोटरमनची नातवंडं आपल्यातच कुठेतरी शिकत असतील. एसटीचे मेकॅनिक, गँगमन, बंदरावरचे हमाल, रिक्षावाले, सगळ्यांची नातवंडं आज कॉलेजात आहेत. इयान केरला नावं सापडली नाहीत, कारण ती कोणी लिहून ठेवली नव्हती. आपल्याकडे तर फोनमध्ये रेकॉर्डर आहे.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, चूक केलीय म्हणून सांगतेय. आबांकडे वह्या होत्या. ड्युटी संपली की रात्री ते दोन ओळी लिहायचे. कुठली गाडी, कोण ड्रायव्हर, काय घडलं. ३४ वर्षांच्या वह्या एका पत्र्याच्या ट्रंकेत. मी अकरावीत असताना घराला रंग दिला, तेव्हा ट्रंक मीच रिकामी केली. माझ्या जुन्या गाइडांबरोबर त्या वह्याही रद्दीत दिल्या. आबांना विचारलंसुद्धा नाही. त्यांनी ट्रंक उघडून बघितली आणि काहीच बोलले नाहीत.

या लेखाच्या निमित्ताने मी परवा त्यांच्यासमोर फोन ठेवला आणि म्हटलं, ‘आबा, तुम्ही बोला, मी मधे बोलणार नाही.’ ते दीड तास बोलले. कराड-चिपळूणचे थांबे त्यांनी डोळे मिटून म्हटले : मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, मग घाट, पोफळी, चिपळूण. मधले सगळे फाटेसुद्धा. मग पाटण खोऱ्यातल्या एका गावच्या मुक्कामी गाडीबद्दल सांगितलं. रात्री गाडी गावात थांबायची, कोणाच्या तरी घरून भाकरी यायची, पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या आणि शाळा-कॉलेजची पोरं घेऊन परत निघायची.

‘एक पोरगी होती,’ ते म्हणाले. ‘त्या गावातनं कॉलेजला जाणारी पहिलीच. बारावीच्या पेपरादिवशी आली न्हाई. ड्रायव्हर म्हणला, चला. मी म्हणलं, थांब. धा मिनिटं थांबवली गाडी. वड्याला पाणी आलं होतं, पलीकडनं चिखलातनं पळत आली. मग वेबिलवर कारण लिहिलं, रस्त्यात जनावरं आडवी आली म्हणून.’

मी बोलणार नाही म्हटलं होतं, पण राहवलं नाही. ‘आबा, तिचं नाव काय?’

आबांनी बराच वेळ आठवून बघितलं. आडनावाचं पहिलं अक्षर ओठांवर येऊन परत गेलं.

‘वहीत होतं बघ,’ ते म्हणाले.